छडी गेली, तिच्या जागी काय?

रायपूर रेल्वे स्थानकापलीकडील गुढियारी ही ठोक बाजाराची आणि कष्टकऱ्यांची वस्ती. 5 एप्रिल 2024 रोजी तेथील वीज कंपनीच्या रोहित्रांच्या गोदामाला भीषण आग लागली. अशा प्रसंगाची भीती लहान मूल शब्दांत सांगत नाही. वर्गात ती चंचलपणा, हट्ट वा अबोलपणाच्या रूपाने प्रकटते. शिक्षकाला मात्र दिसते ती बेशिस्त.

बेशिस्तीवरचा जुना इलाज कायद्याने काढून घेतला, हे योग्यच झाले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवले. शिस्तीच्या नावाखाली मुलांवर केलेली हिंसा हे क्रौर्यच, असे छत्तीसगड उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये बजावले. परंतु छडीच्या जागी काय, हे शिक्षकाला कोणी सांगितले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 25 जुलै 2025 च्या निर्देशांत याचे अंशतः उत्तर आहे. 100 वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संलग्नता आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. प्रशासनात आयुष्य गेल्याने एक शंका मात्र सतावते: पद मंजूर होईल, खोलीवर पाटी लागेल आणि ‘त्रासदायक’ मुले तिकडे धाडली जातील.

मानसशास्त्रज्ञाचे खरे काम त्या खोलीबाहेर आहे. वर्गात मागे बसून त्याने पाहावे, की मूल कोणत्या तासाला बिथरते, त्याआधी काय घडते आणि त्यानंतर त्याच्या पदरी काय पडते. गणिताच्या तासाला दंगा करणाऱ्या मुलाला रोज वर्गाबाहेर काढले, तर ती त्याच्या दृष्टीने शिक्षा नव्हे, सुटका असते. हे उमगले की उपायही बदलतो: गणित टप्प्याटप्प्याने देणे, मदत मागण्याची रीत शिकवणे आणि चांगले वागणे दिसताच नेमके काय आवडले ते सांगणे. हे सारे शिक्षकच करतो. तज्ज्ञ त्याला नजर देतो.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तोच न्याय येथे लावावा. समुपदेशक संकुल पातळीवर नेमून त्याचे प्रत्येक शाळेतील दिवस ठरवून द्यावेत. त्याच्या नोंदी शिस्तभंगाच्या कागदपत्रांपासून अलग ठेवाव्यात. त्याचे मूल्यमापनही किती मुले त्याच्याकडे पाठवली यावर नव्हे, तर किती शिक्षकांना ती पाठवण्याची गरज उरली नाही यावर व्हावे.