हप्ता थकला, तर गप्प बसू नका

मागच्या महिन्यात एक भगिनी बँकेचा लिफाफा घेऊन आमच्याकडे आल्या. अपघातानंतर पती आठ महिने घरीच, घराच्या कर्जाचे पाच-सहा हप्ते थकलेले. नोटीस येऊन पन्नास दिवस झाले होते आणि ती कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होती. "लोक काय म्हणतील म्हणून माहेरीही सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. नोटिशीची मुदत होती साठ दिवसांची.

दीनमध्ये व्याज हराम आहे आणि शक्य असेल त्याने अशा कर्जापासून दूरच राहावे, हे आम्ही मानतो. पण जे घर आधीच त्यात अडकले आहे, तिथे आज मुलांच्या डोक्यावरचे छप्पर वाचवायचे आहे. सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला सवड मिळेपर्यंत मोहलत देण्याची शिकवण आहे. मग मोहलत मागण्यात लाज कसली?

सरकार मदत करत नाही का, असे अनेक जण विचारतात. कोरोनाच्या काळात, 27 मार्च 2020 रोजी, रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली; ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. पुष्कळांना ती माफी वाटली. प्रत्यक्षात व्याज चालूच होते. पुढे 2 कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांतले व्याजावरचे व्याज तेवढे सरकारने भरून दिले. ती सवलत आता नाही. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये पात्र कुटुंबाला 1.80 लाखांपर्यंत व्याज अनुदान मिळते, पण ते नव्याने घर घेणाऱ्यांसाठी; थकलेला हप्ता त्यातून भरला जात नाही. म्हणून "सरकारकडून हप्ता माफ करून देतो" असे सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कायद्याने मात्र थोडा वेळ दिला आहे. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खाते बुडीत वर्गात जाते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

पण खरा उपाय नोटिशीच्या आधीचा आहे. पगार थांबला, धंदा बसला, की पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत जा. कमाई का घटली आणि दरमहा किती भरता येईल, हे लिहून द्या. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बँक प्रत्येक वेळी ऐकेलच असे नाही; पण न मागता मोहलत कोणी देत नाही.

मोहल्ल्याचीही काही जबाबदारी आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. रमजानमध्ये जकात वाटताना आपली नजर त्याच्याकडे वळते का? बँकेच्या कर्जासाठी ती कशी वापरावी, हे आलिमांना विचारून ठरवावे. पण निदान विचारावे तरी.

त्या भगिनीचा अर्ज पंचावन्नाव्या दिवशी बँकेत पोचला. उत्तर अजून यायचे आहे. त्यांच्यासाठी दुआ करा. आणि शेजारचे दार हल्ली बंदच दिसत असेल, तर एकदा जाऊन ठोठवा.