सीमेवर जायचं म्हणणाऱ्या मुलीला धर्माची भीती घालू नका



आमच्या नात्यातली एक मुलगी बी.कॉम. झाली आणि आता सीमा सुरक्षा दलात, म्हणजे बीएसएफमध्ये जायचं म्हणते आहे. तेव्हापासून शुक्रवार पेठेत मला एकच वाक्य ऐकू येतंय, "जैनाची मुलगी आणि हातात बंदूक? धर्म बुडवणार ही!" तिला पाठवायचं की नाही ते तिचे आईवडील बघतील. पण नकार द्यायचा तर स्वतःच्या नावावर द्यावा, त्यासाठी धर्माला मध्ये ओढू नये. धर्म तसं सांगत नाही.

पाठशाळेत आपण हिंसेचे चार प्रकार शिकलो. मुद्दाम ठरवून मारणं ती संकल्पी. चूल, केर, दळण-कांडण यात होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. आणि स्वतःचं, दुसऱ्याचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करायच्या. महाव्रत मुनिमहाराजांचं आणि आर्यिका माताजींचं, आपलं अणुव्रत. मग गंमत बघा. गॅस पेटवताना आपल्याला आरंभी हिंसा चालते, दुकानात उद्योगी चालते, आणि विरोधीची पाळी आली की आपल्याला एकदम महाव्रत आठवतं. तेही दुसऱ्याच्या मुलीसाठी!

दुसरी गोष्ट हिशेबाची. मी कॉमर्सची, म्हणून मला ही जास्त खटकते. आपल्याकडे पाप फक्त करणाऱ्याच्या खात्यावर पडत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलं, करवून घेतलं आणि बरं झालं म्हणालो, तिन्ही नोंदी होतात. पंधरा ऑगस्टला आपण जवानांसाठी टाळ्या वाजवतो, चकमकीची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर झेंडे पाठवतो. ते अनुमोदनच नाही का? शेतकऱ्याच्या, विणकराच्या घरातलं पोर सीमेवर उभं राहिलेलं चालतं, आपलं नको, म्हणजे काम त्यांच्या हातून करवून घ्यायचं आणि आपली वही कोरी ठेवायची. असा ताळेबंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही.

तिसरं, इतिहास. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला आपल्यातल्या किती जणी श्रवणबेळगोळला जाऊन आल्या! ती बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकात उभी करवणारा चामुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. त्याच श्रवणबेळगोळला सावियब्बे नावाच्या श्राविकेचा वीरगळ आहे. नवऱ्याबरोबर लढाईत उतरून ती कामी आली. दगडात ती घोड्यावर बसलेली आणि हातात तलवार घेतलेली कोरली आहे. सोळाव्या शतकात उल्लाळच्या राणी अब्बक्काने पोर्तुगिजांशी झुंज दिली, ती चौटा या जैन घराण्यातली. आपल्या तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला २०१२ साली तिचंच नाव दिलं गेलं. सरकारला ती आठवली आणि आपण मात्र विसरून बसलो.

आता त्या कामाकडे बघू. बीएसएफ १ डिसेंबर १९६५ ला उभं राहिलं. पाकिस्तान आणि बांगलादेश या दोन सीमा त्याच्याकडे आहेत. बायका तिथे शोभेला घेतलेल्या नाहीत. पंजाबात काटेरी कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेच्या अलीकडे आहे, त्यामुळे आपल्याच शेतकऱ्यांची शेतं कुंपणापलीकडे राहिली. रोज फाटकातून जाताना झडती द्यावी लागते, आणि शेतावर जाणाऱ्या बायकांची झडती पुरुष जवानांनी कशी घ्यायची? २००९ मध्ये महिला जवानांची पहिली तुकडी तयार होऊन तिथे गेली, तेव्हा ही अडचण सुटायला लागली. २०१७ मध्ये बिकानेरच्या तनुश्री पारीक बीएसएफच्या पहिल्या महिला लढाऊ अधिकारी झाल्या. चार हजार किलोमीटरहून लांब असलेल्या बांगलादेश सीमेवर गुरांची तस्करी रोखणं आणि फसवून नेलेल्या मुलींना सोडवणं ही या दलाची नेहमीची कामं आहेत. आपण दरवर्षी पांजरपोळाची पावती फाडतो आणि जीवदया केली म्हणतो. रात्री चिखलात उभं राहून ती गुरं अडवणारी मुलगी जीवदया करत नाही काय?

यावर एक बाई मला म्हणाल्या, "पण तिथे निरपराधही मरतात." मरतात, आणि हे झाकून ठेवू नये. जानेवारी २०११ मध्ये बांगलादेश सीमेवर कुंपण ओलांडताना पंधरा वर्षांची एक मुलगी गोळी लागून मेली. तिचा देह कितीतरी वेळ तारेवर लटकत होता. वाचून माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण म्हणूनच विचारते, त्या जागी कोण असावं? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी आणि कषायाशी जोडलेली आहे. पाणी गाळून प्यायला शिकलेली, मुंगी बघून पाऊल टाकणारी मुलगी घोड्यावर बोट ठेवण्याआधी दहादा विचार करेल. यत्नाचार कुठे लागत असेल तर तो तिथेच.

आता खरं बोलू या का? विरोध हिंसेला नाहीच. "हिच्याशी लग्न कोण करणार?" हे खरं कारण आहे. मी बी.कॉम. झाले तेव्हा बँकेच्या परीक्षेला बसू का, असं घरात विचारलं होतं. मलाही तेव्हा असंच धर्माचं आणि घराण्याचं काहीतरी सांगितलं गेलं. चाळीस वर्षांनी त्याच घरांतल्या सुना बँकेत आहेत आणि धर्म होता तिथेच आहे. जेवणाचं म्हणाल तर मेसमध्ये कांदा-लसूण टाळणं आणि रात्रिभोजनत्याग सांभाळणं अवघड जाईल, हे मान्य. पण पुण्या-बंगळुरूला आयटीत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलींना हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यांचं पॅकेज विचारतात!

जिवाची भीती वाटत असेल तर सरळ "मला भीती वाटते" म्हणा. आईने असं म्हणण्यात लाज कसली? मुलीलाही ते समजतं. पण भीतीला धर्माचा शालू नेसवून मुलीसमोर उभं केलं, तर ती मुलगी उद्या भीतीही मानणार नाही आणि धर्मही.

ज्यांच्या घरात असा विषय निघाला असेल त्यांच्यासाठी नेमकी माहिती देते. अधिकारी व्हायचं तर यूपीएससीची असिस्टंट कमांडंटची परीक्षा आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, बी.कॉम.ही. वय २० ते २५. मुलींना १०० मीटर १८ सेकंदांत आणि ८०० मीटर ४ मिनिटे ४५ सेकंदांत धावावं लागतं. कॉन्स्टेबलसाठी दहावी पास, वय १८ ते २३ आणि १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. २०२४ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. बीएसएफचं एक प्रशिक्षण केंद्र लातूर जिल्ह्यात चाकूरला आहे.

वयाची अट नीट वाचा. "आधी दोन वर्षं स्थळं बघू, मग बघू" म्हणाल तर फॉर्म भरायची मुदत निघून जाईल. पंडिता सुमतीबाई शहांनी ज्या सोलापुरात श्राविका संस्थेतून बायकांना शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं, त्या सोलापुरात तरी मुलीचा फॉर्म धर्माच्या नावाखाली अडू नये. घरात बसून चर्चा करा, भांडा, रडा, पण शेवटच्या तारखेच्या आत निर्णय घ्या आणि तो मुलीला विचारून घ्या.

जय जिनेंद्र.