दिव्या जिंकली, बऱ्हाणपूरच्या पोरींचं काय?
बऱ्हाणपूर : नागपूरच्या दिव्या देशमुखनं २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. वय १९. गेली तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. परतली ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर होऊन. महाराष्ट्र सरकारनं ३ कोटी दिले, ते रास्तच.

पण आपल्याकडच्या पोरींचं काय? घरात मराठी, खेळायचं मध्य प्रदेशकडून. रावेर, जळगाव जवळ, तरी तिकडच्या राज्य निवडीत जागा नाही. खुल्या रेटिंग स्पर्धेला मात्र सीमा आडवी येत नाही. पालकांनी आधी तोच रस्ता धरावा. बक्षीस जिंकल्यावर मिळतं, प्रवासखर्च मात्र आधी लागतो. दोन्ही सरकारांनी निदान तेवढं बघावं.