१६० किलो साहित्य

‘साहित्याचे मूल्यमापन’ हा विषय मी वर्गात वीस वर्षे शिकवतो आहे. पण साहित्य किलोवरही मोजतात हे मला सहा वर्षांपूर्वी कळले, आणि तेही कागदाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून.

त्याचे असे झाले. माझ्या लघुनिबंधांचे पुस्तक काढायला कोणी प्रकाशक पुढे येईना, तेव्हा मीच ते काढायचे ठरवले. छपाई आणि बांधणी यांपुरते पैसे घरात होते. गळकी गच्ची दुरुस्त करण्यासाठी सौभाग्यवतीने साठवलेले. कागद मात्र उधारीवर मिळवायचा होता. छापखानदाराने मला अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात, शेठजींच्या वखारीवर धाडले.

वखारीत खाकी वेष्टनातली रिमे छतापर्यंत रचलेली. एका कोपऱ्यात शाईचे डबे, ऑफसेटच्या प्लेटांची खोकी. दारात टेम्पो, पाठीवर ओझी घेतलेले हमाल, आणि नव्या कागदाचा तो वास! मी अगदी मोहरून गेलो. शेठजी मात्र सरळ हिशेबाला बसले.

“पेजेस किती?”

“१७२. डेमी आकार.”

“मग बारा काढा, नाहीतर वीस वाढवा.”

इतका नेमका अभिप्राय मला आजवर कोणत्याही समीक्षकाने दिलेला नाही! कारणही त्यांनीच सांगितले. २३ बाय ३६ इंचांच्या एका तावातून डेमी आकाराची सोळा पाने, म्हणजे ३२ पृष्ठे निघतात. पाच तावांत १६० पृष्ठे बसतात, सहांत १९२. मधल्या बारा पृष्ठांसाठी सहावा ताव घेतला, तर त्याची वीस पृष्ठे कोरीच जायची. मी निमूटपणे ‘समीक्षेची समीक्षा’ हा निबंध गाळून टाकला. त्याची उणीव अद्याप कोणाला भासलेली नाही.

पुढचे गणित सोपे होते. रिमात ५०० ताव. हजार प्रतींना पाच हजार ताव, म्हणजे दहा रिमे. चौरस मीटरला ६० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचे या मापाचे रीम १६ किलोचे.

“एकूण १६० किलो. छपाईत खराब होतील ते वेगळे,” शेठजी म्हणाले. “पण सर, हजार कशाला? पाचशेच छापा.”

कागद विकणारा माणूस ‘कागद कमी घ्या’ म्हणतो, यात त्याचा सचोटीपणा दिसायला हवा होता. मला दिसला तो माझा अपमान. मी हजारांवरच अडून राहिलो. शेठजींनी एक ताव उचलून एका बाजूने फाडला, तो सरळ फाटला. दुसऱ्या बाजूने फाडला, तो वेडावाकडा. “कागदाच्या तंतूंना दिशा असते. तिला ग्रेन म्हणतात. ती पुस्तकाच्या पाठीला समांतर ठेवायला सांगा. नाहीतर पानं ताठ राहतात, पुस्तक नीट उघडत नाही. आणि पुस्तक उघडायला तर हवं!” मग म्हणाले, “पैसे नव्वद दिवसांनी द्या.” एवढ्या कागदाच्या राशीत बसलेल्या त्या माणसाने माझ्याकडून एक चिठोरेही लिहून घेतले नाही.

पुस्तक निघाले. साडेतीनशे प्रती खपल्या, उरलेल्या पलंगाखाली गेल्या. नव्वद दिवस उलटले आणि मी कॉलेजला जाण्याची वाट बदलली. पाच महिने मी त्या बोळाला वळसा घालून जात होतो. अखेर एके सकाळी मंडईत शेठजींनीच मला गाठले.

“सर, उधारी कागदाची आहे, रस्त्याची नाही. बोळातून जात जा.”

भाजीची पिशवी हातात घेऊन मी खाली मान घालून उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, “मिलचे पैसे मला तारखेला भरावे लागतात. मी छापखान्यांना उधार देतो, छापखाने प्रकाशकांना, प्रकाशक दुकानदारांना. एक जण अडला की मागचे सगळे अडतात. थोडं थोडं दिलंत तर मी निभावून नेईन. तोंड लपवलंत तर मी काय करू?”

अकरा हप्त्यांत मी ते पैसे फेडले. गच्ची आणखी दोन पावसाळे गळली, आणि पलंगाखालचे गठ्ठे वाचवायला रात्री उठून बादल्या सरकवताना सौभाग्यवती एक शब्दही बोलली नाही. तो हप्ता सर्वांत जड होता.

१९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून अंकांच्या अनुक्रमणिकेत आपण लेखकांची नावे वाचत आलो. कागदवाल्याचे नाव तिथे नसते. त्याच्या वहीत मात्र आपले असते.

शेवटचा हप्ता मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नेऊन दिला. वखारीत झेंडूची तोरणे होती, देवीपुढे नवी खातेवही, आणि मागच्या फळीवर चक्क माझे पुस्तक! मला राहवेना.

“वाचलंत?”

“वाचलं ना,” हातावर पेढा ठेवत शेठजी म्हणाले. “ग्रेन अगदी बरोबर लागलाय.”