मुलांस तिबेट कसें शिकवावें?

हिंवाळा लागला म्हणजे आपल्या शहरांतून तिबेटी लोकांचीं लोंकरी कपड्यांचीं दुकानें दिसूं लागतात. आमच्या मुलांची तिबेटशीं ओळख बहुधा एवढीच. सेवानिवृत्तीनंतर दर शनिवारीं मी जवळच्या प्राथमिक शाळेंत चौथीच्या मुलांस गोष्टी सांगावयास जातों. तेथें मीं तिबेटचा विषय काढला, आणि जुन्या संवयीनें आधीं पठाराची उंची, मग नद्या, मग राजे असा क्रम धरला. पंधरा मिनिटांत अर्धा वर्ग खिडकीबाहेर पाहूं लागला. दोष मुलांचा खास नव्हता.

पुढच्या शनिवारीं एक चित्र घेऊन गेलों. हत्तीच्या पाठीवर वानर, वानरावर ससा, सशावर पक्षी आणि मागें फळांनीं लवलेलें झाड. तिबेटी घरांत व मठांत हें चित्र पुष्कळदां आढळतें. "गुरुजी, हत्ती सर्वांत मोठा, मग तो खालीं कां?" असें मुलांनींच विचारलें. झालें, गोष्टीस वाट मिळाली. चौघांत वडील कोण, असा प्रश्न पडला. हत्ती म्हणाला, मी लहान होतों तेव्हां हें झाड माझ्याएवढें होतें. वानर म्हणालें, माझ्या बाळपणीं तें माझ्याएवढें होतें. ससा म्हणाला, मीं तर त्याच्या कोंवळ्या पानांवरचें दंव चाटलें आहे. पक्षी म्हणाला, ज्या बीजाचें हें झाड, तें मीच येथें टाकलें! म्हणून मान त्याचा.

ही कथा पालि तित्तिरजातकांत आहे. फक्त तींत ससा नाहीं. अर्थात् "गोष्ट मूळची आपलीच बरें!" असें मीं मोठ्या तोऱ्यानें सांगितलें. त्यावर एक मुलगी म्हणाली, "मग आपल्या घरीं हें चित्र कां नाहीं?" मजजवळ उत्तर नव्हतें. अमरकोश आणि मेघदूत यांचीं तिबेटी भाषांतरें त्या लोकांनीं शतकानुशतकें जपून ठेविलीं; आपण मात्र देणें तेवढें लक्षांत ठेवतों.

मग मुलांस चौकटी आंखून चित्र काढावयास लाविलें. तिबेटी चित्रकारहि थांग्का रंगविण्यापूर्वीं कापडावर मापाच्या रेघा आंखतो. वर्गांतले हत्ती नीट उतरले; ससे गाढवांसारखे झाले.

हे लोक येथें कां आले, हेंहि मुलांपासून लपवूं नये. १९५० सालीं चिनी सैन्य तिबेटांत शिरलें. १९५९ सालीं दलाई लामा व त्यांच्यामागून हजारों माणसें हिमालय ओलांडून भारतांत आलीं. गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांव येथें १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. हें ऐकून वर्ग थोडा वेळ गप्प होता.

शेवटीं अक्षरें घेतलीं. सातव्या शतकांत थोन्मी संभोट यानें भारतीय लिपीवरून ही लिपी रचिली, असें तिबेटी परंपरा सांगते. व्यंजनें तीस, आणि आरंभ क, ख, ग, ङ असा. "गुरुजी, घ राहिला!" एक मुलगा ओरडला. त्याच्या स्वतःच्या नांवांतच घ होता. त्यांच्या वर्णमालेंत घ नाहीं, संस्कृत मंत्र लिहितांना ते ग खालीं ह जोडतात, असें मीं सांगितलें. त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

पंधरा दिवसांनीं तो एक चिठ्ठी घेऊन आला. आईबरोबर स्वेटर घ्यावयास गेला असतां दुकानांतील वृद्ध बाईंकडून त्यानें आपलें नांव लिहून घेतलें होतें. त्यांनीं आधीं ग लिहिला होता. यानें हट्ट धरला, तेव्हां त्या हंसल्या आणि खालीं ह जोडून दिला.