दोन अँटिव्हायरस कशाला?


‘घरच्या संगणकावर दोन अँटिव्हायरस हवेतच’ हा एका पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. फाईल उघडताच दोघेही तीच तपासायला धावतात. चार जीबी रॅमचे जुने यंत्र तिथेच रखडते. शिवाय एकाने विलग केलेली फाईल दुसऱ्याला पुन्हा सापडते, की इशारे सुरूच! पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील टाकले, की विंडोज १० मधला डिफेंडर हा अँटिव्हायरस आपणहून बाजूला होतो, तो उगाच नव्हे. पारनेरात आम्हाला खरी धास्ती झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येणाऱ्या शॉर्टकट व्हायरसची. फोल्डरच्या जागी नुसते बाण दिसतात! त्यासाठी अपडेट केलेला एकच बस्स. पत्रलेखकांनी दुसरा काढावा आणि उरलेल्याची मुदत संपली नाही ना, तेवढे पाहावे.

– एक वाचक, पारनेर