ओवाळणीचा भाव

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात फराळावर लिहावे, अगदीच विद्वत्ता दाखवायची तर ‘फराळ’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवर लिहावे, असा एक संकेत आहे. तो मोडून यंदा मी पेट्रोलवर लिहिणार आहे. याला जबाबदार आमचे अण्णा.

गोष्ट २०२४ च्या भाऊबीजेची. बेबीआत्याला स्टेशनवरून स्कूटरवर घेऊन मी घरी आलो. (आत्याला अडुसष्ट वर्षे झाली, पण घरात ती अजून बेबीच आहे.) वाटेत पेट्रोल भरले, एवढे मी सहज बोलून गेलो आणि अण्णांना विषय मिळाला. १९७३ साली पेट्रोल महागले तेव्हा वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते, ही हकीकत अण्णा दर दिवाळीला सांगतात. ती सांगून झाली आणि चकलीचा तुकडा मोडत ते म्हणाले, “मी रिटायर झालो त्या वर्षी, २०१३ साली, भाव ऐंशीच्या घरात गेला म्हणून लोक ओरडत होते. आता शंभरी ओलांडली!”

मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. मी म्हटले, “अण्णा, खरे म्हणजे पेट्रोल तेव्हापेक्षा स्वस्त झाले आहे.”

घरात एकदम शांतता पसरली. सौ. स्वयंपाकघरातून डोकावून माझ्याकडे पाहून गेली.

मी कागद-पेन्सिल घेतली. म्हटले, कापड मोजायची पट्टीच दरसाल दोन बोटे आखूड होत असेल, तर ‘कापड लांबले’ असे म्हणता येईल का? रुपयाची पट्टी अशीच आहे. ती किती आखडली, हे सांगणारा एक आकडा प्राप्तिकर खाते दरवर्षी जाहीर करते. जुने घर विकलेल्या मंडळींना तो ठाऊक असेल. त्याला महागाई निर्देशांक म्हणतात. २००१-०२ सालाला १०० धरले, तर २०१३-१४ साली तो २२० होता आणि २०२४-२५ साली ३६३. म्हणजे तेव्हाच्या शंभर रुपयांचे आता १६५ झाले. आणि हा आकडाही हात राखून काढलेला असतो. प्रत्यक्ष महागाईच्या पाऊणपटच त्यात धरतात.

आता पेट्रोल. प्रत्येक राज्याचा कर निराळा, म्हणून दिल्लीचे भाव घेतले. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथे लिटरला ७६ रुपये ६ पैसे पडत होते. त्यांचे २०२४ चे रुपये होतात सव्वाशे. प्रत्यक्ष भाव होता ९४ रुपये ७२ पैसे! २०१३ हे वर्ष मात्र विशेष वाईट होते. रुपया घसरून डॉलरला ६८ च्या पुढे गेला होता आणि खनिज तेलाचे पिंप शंभर डॉलरच्या वर होते. असे वर्ष निवडणे ही लबाडी झाली असे कुणी म्हणेल, म्हणून २०१० ही घेतले. त्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे केले, तेव्हा दिल्लीत भाव ५१ रुपये ४३ पैसे झाला. त्यांचेही ११२ होतात.

“म्हणजे आम्ही उगाच ओरडतो?” अण्णा म्हणाले.

“सवयीने,” मी म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला शंका उरली नाही की जसे वाटते, तसे मला वाटले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, “आणि गॅसचे काय रे?”

मी पुन्हा पेन्सिल चालवली. २०१४ साली दिल्लीत सबसिडीचा सिलिंडर ४१४ रुपयांना होता. त्याचे होतात ६८३. महागाई थोडी जास्त धरली तरी फार तर सातशेच्या आसपास. पण २०२० पासून उज्ज्वला योजनेबाहेरच्या बहुतेक घरांची सबसिडी थांबली आणि २०२४ मध्ये सिलिंडर ८०३ रुपयांना होता. म्हणजे एकाच पट्टीने मोजून स्कूटर स्वस्त झाली होती आणि चूल महाग.

“आणि माझी पेन्शन?”

आत्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. २०१४ मध्ये घरी बसली. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन त्याच वर्षी सप्टेंबरपासून एक हजार रुपये ठरली. दहा वर्षांनीही ती एक हजारच होती. इथे निर्देशांकाची गरजच पडली नाही. आधी हजारात दोन सिलिंडर येऊन वर १७२ रुपये उरत. २०२४ मध्ये एक येई आणि १९७ उरत.

मी पेन्सिल खाली ठेवली. अण्णांची पेन्शन सरकारी. महागाई वाढली की महागाई भत्ता वाढतो. माझ्या पगाराचेही तेच. ‘पेट्रोल स्वस्त झाले’ हे माझे गणित बरोबर होते, पण ज्याची मिळकत महागाईबरोबर वाढत जाते त्याच्यापुरतेच. हे मला कागदावर दिसले नव्हते. समोर बसलेल्या आत्याने ते दाखवले, आणि तेही कसलीच तक्रार न करता.

ओवाळायची वेळ झाली. आत्या तबक घेऊन उभी राहिली. अण्णांनी खिशातले पाकीट काढले आणि हातातच धरून ठेवले. त्यात पाचशे एक असतात. २०१३ पासून पाचशे एकच.

“पाचशे एकाचे किती होतात रे?” त्यांनी मला हळूच विचारले.

“आठशे सव्वीस रुपये पासष्ट पैसे.”

ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला.

“दादा, लवकर ये रे, निरांजन विझेल,” आत्या म्हणाली.

बाहेर आले तेव्हा पाकीट चिकटवलेले होते. त्यात किती होते ते मला माहीत नाही. आत्याने नेहमीसारखे न उघडता पर्समध्ये टाकले.

संध्याकाळी स्टेशनवर सोडताना ती म्हणाली, “दादाच्या पाकिटाचा हिशेब मी आजवर कधी केला नव्हता. तू त्याला करायला लावलास.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “पुढच्या वर्षी आपण फराळावर बोलू हं.”